औषधाच्याही आधी आलेला प्रतिकार

पोथ्या हाताने उतरवून काढायच्या त्या काळात प्रत्येक नकलेत कुठे एखादा काना सुटायचा, कुठे वेलांटी चुकायची. पुढचा नक्कलकार ती चूक इमानेइतबारे उतरवायचा आणि आपल्या एक-दोन चुकांची भर घालायचा. त्या चुकांवरूनच अभ्यासक आज सांगू शकतात, की कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली. जीवाणूही दुभंगताना आपल्या डीएनएची नक्कल करतो आणि त्यालाही चुका होतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूच्या डीएनएत सुमारे २८ लाख अक्षरं असतात. त्याच्या एका औषधरोधी घराण्यात साधारण दर सहा आठवड्यांनी एक अक्षर बदलतं, असं २०१० मध्ये दिसून आलं. चुकांचा वेग कळला की त्या मोजून मागे जाता येतं, आणि वंशावळीला सनावळीही मिळते.

या सनावळीने आपली एक पक्की समजूत मोडली. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर उपाय म्हणून १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलिन आलं, आणि १९६० मध्येच त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. यांनाच आपण एमआरएसए म्हणतो. नवं औषध आलं, म्हणून जंतूंनी नवा प्रतिकार कमावला, असंच सगळे धरून चालले. २०१७ मध्ये संशोधकांनी त्या सुरुवातीच्या दशकांतले, प्रयोगशाळेत जपून ठेवलेले दोनशेवर नमुने बाहेर काढून त्यांचे जनुकक्रम वाचले. घड्याळ मागे फिरवल्यावर काटा थांबला १९४०च्या दशकाच्या मध्यावर! मेथिसिलिनचा जन्मही झाला नव्हता, तेव्हा प्रतिकाराचं जनुक जीवाणूत येऊन बसलं होतं. त्याला पोसलं ते पेनिसिलिनच्या सढळ वापराने. हे जनुक पेशीभित्तिका बांधणारं एक वेगळंच प्रथिन बनवतं, ज्याला पेनिसिलिन धड पकडू शकत नाही आणि मेथिसिलिनही नाही. मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की आज आपण एखादं औषध वापरतो तेव्हा उद्याच्या, अजून न शोधलेल्या औषधाविरुद्धचा प्रतिकारही कदाचित वाढवत असतो.

२०२२ मध्ये तर काटा आणखी मागे गेला. युरोपातल्या साळूसारख्या काटेरी, पण आकाराने लहान अशा हेजहॉग या प्राण्याच्या अंगावर एमआरएसएचा एक प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच नांदतो आहे. त्याच्या त्वचेवर वाढणारी एक बुरशी पेनिसिलिनच्या जातीची द्रव्यं स्रवते, आणि तिच्या शेजारी राहायचं तर जीवाणूला ढाल हवीच.

हीच अक्षरमोजणी रुग्णालयातही कामाला येते. २०११ मध्ये केम्ब्रिजमधल्या नवजात बाळांच्या एका कक्षात एमआरएसए पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होता. बाळं निरनिराळ्या वेळी दाखल झालेली, त्यामुळे या सुट्या घटना की एकच साखळी, हे नेहमीच्या चाचण्यांतून ठरेना. जनुकक्रम जुळवल्यावर ती एकच साखळी निघाली. कक्ष धुऊनपुसून काढला. शेवटचं बाधित बाळ घरी जाऊन ६४ दिवस झाले आणि पुन्हा एक बाळ बाधित निघालं. त्याच्या जंतूचं नातंही जुन्याच साखळीशी लागलं, म्हणजे जंतू मधल्या काळात कुठेतरी तग धरून होता. मग १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एकाच्या अंगावर तो आढळला. अंगावर जंतू असणं हा कोणाचा गुन्हा नव्हे, पण तो कुठे आहे हे कळल्याशिवाय साखळी तुटत नाही.

मात्र वंशावळीचं हे चित्र एका ठिकाणी अडखळतं. जीवाणू प्रतिकाराची जनुकं फक्त मुलाबाळांना देत नाहीत. प्लाझमिड नावाचं डीएनएचं सुटं कडं ते शेजाऱ्यालाही देतात, अगदी परजातीच्या शेजाऱ्याला. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात टायफॉइडची जी साथ पसरली, तिच्यात हेच घडलं. आधीच अनेक औषधांना पुरून उरलेल्या एच५८ या घराण्यातल्या जंतूच्या हाती एक नवं प्लाझमिड लागलं आणि टायफॉइडवरचं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे औषधही निकामी झालं. तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी भरवशाचं असं अ‍ॅझिथ्रोमायसिनच काय ते उरलं. ते प्लाझमिड वाचल्यावर त्याचं साम्य निघालं ते ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या वेगळ्याच जातीच्या जीवाणूमध्ये आढळणाऱ्या प्लाझमिडांशी. म्हणून संशोधक हल्ली जीवाणूची वंशावळ वेगळी काढतात आणि प्लाझमिडची वेगळी. मग दोन्ही एकमेकींवर ठेवून पाहतात, की कोण कोणाला कुठे भेटलं.