पिंक फ्लॉइडचे शेवटचे अल्बम आणि पेटीतल्या जुन्या टेप: भांडणाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१९मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द लेटर इयर्स' हा अठरा डिस्कचा संच बाजारात आला. त्यात १९८७चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' हा अल्बम नव्याने मिक्स केलेला होता. नुसता मिक्स केला असता तर कुणी फारसं बोललं नसतं. पण मूळ रेकॉर्डवरचे ड्रम बऱ्याच ठिकाणी काढून तिथे निक मेसनने नव्याने वाजवलेले ड्रम बसवले होते आणि रिक राइटचे कीबोर्ड त्या काळच्या मैफलींच्या टेपमधून उचलून आणले होते. तोवर राइटला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

'हा फ्लॉइडचा अल्बमच नाही' असं चाहत्यांमधला एक गट बत्तीस वर्षं म्हणत आला होता. त्याला बँडनेच दिलेली ही अर्धी कबुली. पण त्यामुळे वाद मिटला नाही, उलट आणखी एक फाटा फुटला: आता खरा अल्बम कोणता, १९८७चा की २०१९चा?

फ्लॉइडच्या उतरत्या काळातल्या अल्बमांवरून चाहते ज्या त्वेषाने भांडतात तो बाहेरच्याला वेडेपणा वाटेल. आवडीनिवडीचा प्रश्न असता तर एवढं चिघळलं नसतं. प्रश्न आहे तो मूळ फ्लॉइड संपला कधी, याचा. एक गट १९६८ म्हणतो, बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट बाहेर पडला ते वर्ष. एक म्हणतो १९८५, बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स बँड सोडून गेला तेव्हा. मला विचाराल तर मी १९७९ सांगेन, आणि त्याचं कारण राइट.

'द वॉल'चं काम चालू असताना वॉटर्सने राइटला बँडबाहेर काढायला लावलं. राइटचं योगदान उरलेलं नाही, ही त्याची तक्रार होती. गुंतवणुकीत पैसे बुडाल्यामुळे सगळेच अडचणीत होते, अल्बम वेळेत पूर्ण होणं भाग होतं, आणि राइटने मान तुकवली. १९८० आणि ८१मधल्या 'द वॉल'च्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून बसला. ती प्रचंड भिंत रोज उभारायची नि पाडायची, यात उरलेल्या तिघांना तोटा झाला. चौघांत पैसे मिळाले ते एकट्या पगारी राइटला. यातला विनोद कळून हसण्याइतकं बळ तेव्हा त्याच्यात होतं का, कोण जाणे.

पुढचा 'द फायनल कट' १९८३चा, आणि त्यात राइट अजिबात नाही. मागच्या बाजूला स्वच्छ छापलेलं आहे की हा वॉटर्सने लिहिलेला शोकपट आहे, सादर करणारे पिंक फ्लॉइड. म्हणजे बँड वाजंत्र्यापुरता. यातली काही गाणी 'द वॉल'मधून मागे पडलेली होती. 'द वॉल'ला जी चालली नाहीत ती आता कशी चालणार, हा गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा आक्षेप होता आणि निर्माता म्हणून आपलं नावही त्याने काढून घेतलं. शेवटच्या गाण्यावर तर मेसनही नाही, ड्रमवर अँडी न्यूमार्क आहे. फॉकलंडच्या युद्धाने संतापलेला, दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या बापाला उद्देशून लिहिलेला हा अल्बम. मला तो आवडतो, पण एकट्या माणसाचा म्हणून. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, तरी त्याच्यासाठी दौरा निघाला नाही.

डिसेंबर १९८५मध्ये वॉटर्सने रेकॉर्ड कंपन्यांना आपण बँड सोडल्याचं कळवलं आणि पुढच्या वर्षी फ्लॉइड हे नाव कायमचं मिटवावं म्हणून कोर्टात गेला. बँडमध्ये आता काही उरलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. गिलमोर आणि मेसन नाव सोडायला तयार नव्हते. तडजोड झाली ती २३ डिसेंबर १९८७ला, गिलमोरच्या 'अस्टोरिया' या तरंगत्या घरावर. टेम्स नदीतल्या या बोटीतच त्याचा स्टुडिओ होता. वॉटर्सला मुख्यतः 'द वॉल'चे हक्क मिळाले, उरलेल्यांना नाव. आपण कोर्टात गेलो ते चुकलंच, अशी कबुली वॉटर्सने २०१३मध्ये दिली, पण तोवर चाहत्यांच्या दोन पिढ्या त्या खटल्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

तडजोडीच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, 'मोमेंटरी लॅप्स' येऊन गेला होता. तो घाईत उभा केलेला आहे, आणि ते ऐकू येतं. मेसनचा हात बसलेला नव्हता, म्हणून जिम केल्टनर आणि कार्माइन अपिस यांच्यासारखे भाड्याचे ड्रमर आले. बाकी काम मशीनने केलं. राइट परत आला, पण त्याचं नाव बाहेरच्या वादकांच्या यादीत. वॉटर्सने या अल्बमला हुशारीने केलेली नक्कल म्हटलं, आणि हे वाक्य विरोधी गटाला पुढची तीन दशकं पुरलं. मजा अशी की संगीतात काटकसर दिसते तिथे मुखपृष्ठावर मात्र कुठेच नाही. स्टॉर्म थॉर्गर्सनने इंग्लंडच्या सॉन्टन सँड्स या समुद्रकिनाऱ्यावर दवाखान्यातल्या सातशे खऱ्या खाटा मांडल्या, पाऊस आला म्हणून सगळ्या आवरल्या आणि पुन्हा येऊन मांडल्या.

१९९४च्या 'द डिव्हिजन बेल'वर राइट पुन्हा रीतसर सभासद झाला. तिघांनी आधी नुसतं एकत्र बसून वाजवलं, त्यातून साठाहून अधिक तुकडे जमले. कोणते ठेवायचे यावर गुण द्यायचं ठरलं. मेसनने आठवणींत लिहिलंय की राइटने आपल्या तुकड्यांना दहापैकी दहा दिले आणि इतरांच्या तुकड्यांना शून्य. पंधरा वर्षं पाहुण्यासारखा वागवलेला माणूस घरात परत आल्यावर असंच वागणार. अल्बम ब्रिटन आणि अमेरिकेत पहिला आला, तरी ठरलेला आक्षेप आलाच: शब्द गिलमोरची सहचरी पॉली सॅमसन लिहिते, हे फ्लॉइड कसं? त्यापुढच्या वर्षीच्या 'पल्स' या मैफलीच्या सीडीच्या कण्यावर एक लाल दिवा लुकलुकायचा. कपाटात ठेवलेली ती सीडी रात्री अंधारात डोळा मारत राहायची, आणि बॅटरी संपली की एका युगाचा अंत झाल्यासारखं वाटायचं.

त्यानंतर वीस वर्षं नवा अल्बम नाही. जुलै २००५मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्ससह चौघे काही गाण्यांसाठी एकत्र उभे राहिले. २००६मध्ये बॅरेट गेला, २००८मध्ये राइट. मग २०१४मध्ये 'द एंडलेस रिव्हर' आला तो 'डिव्हिजन बेल'च्या वेळी मागे राहिलेल्या वादनातून. त्या तुकड्यांचा तासाभराचा एक शांत अल्बम करायचं तेव्हाच घाटत होतं, 'द बिग स्प्लिफ' हे नावही ठरलं होतं, पण तो बाहेर आला नाही. गिलमोर आणि त्याच्या साथीदारांनी वीसेक तासांच्या टेप ऐकून नव्याने जुळवाजुळव केली. शब्द असलेलं गाणं एकच, तेही शेवटी. मध्येच एका तुकड्यात राइट लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा भव्य ऑर्गन वाजवताना ऐकू येतो, १९६९चं रेकॉर्डिंग. वॉटर्सला आपला याच्याशी काही संबंध नाही असं जाहीर करावं लागलं, कारण लोक त्याचं अभिनंदन करायला लागले होते.

हा अल्बम निराशाजनक आहे का? अल्बम म्हणून, हो. गाणं सुरू होईल म्हणून वाट पाहावी आणि तुकडा संपून जावा, असं वारंवार होतं. पण तो नवा अल्बम समजून ऐकला म्हणून. खरं तर ती उघडलेली जुनी पेटी आहे. तिच्यावर 'नवीन' अशी चिठ्ठी लावली, एवढंच.

पेट्या उघडण्याची भूक मात्र फार जुनी. फ्लॉइड गाणी आधी मंचावर घोळवत आणि मग रेकॉर्ड करत, त्यामुळे चोरून टेप करणाऱ्यांचं फावलं. 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३मध्ये आला, पण तो जवळपास अख्खा १९७२च्या मैफलींतून चोरट्या तबकड्यांवर फिरत होता. 'ब्रिटिश विंटर टूर ७४' ही अशीच एक. नोव्हेंबर १९७४मधली मैफल, सोबत गाण्यांचे छापील शब्द, वेष्टन इतकं नीटस की हाच नवा अल्बम असा कित्येकांचा समज झाला. त्यातली दोन गाणी नावं आणि शब्द बदलून १९७७च्या 'अ‍ॅनिमल्स'वर आली. त्यांची मूळ मंचीय रूपं बँडने अधिकृतपणे दिली २०११मध्ये. सदतीस वर्षं लोक चोरीच्या टेपवर भागवत होते.

फ्लॉइडच्या चाहत्यांनी या रेकॉर्डिंगना 'रॉयो' हे टोपणनाव दिलं, अर्थ साधारण 'उगम ठाऊक नसलेलं रेकॉर्डिंग'. टेपवरून टेप उतरवायची, टपालाने पाठवायची आणि कितव्या पिढीची आहे ते प्रामाणिकपणे सांगायचं. प्रत्येक पिढीला खरखर वाढायची. चाहत्यांनी दुर्मीळ गोष्टी जमवून अठरा सीडींचा संच स्वतःच तयार केला होता, 'अ ट्री फुल ऑफ सीक्रेट्स'. इतकं करून बसलेल्या माणसाला रेकॉर्ड कंपनी चकवणार कशी?

कंपनीने ती सोय २०११मध्ये करून पाहिली. 'इमर्शन' संचांत राइट-गिलमोर-मेसन-वॉटर्स काळातल्या खऱ्या दुर्मीळ गोष्टी होत्या. भांडीकुंडी आणि घरातल्या वस्तू वाजवून केलेल्या, अर्धवट सोडलेल्या अल्बमचे तुकडे होते. 'विश यू वेअर हिअर'वर स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन होतं, जे हरवलं असाच समज होता. पण त्याच खोक्यात गळपट्टा होता, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या होत्या आणि काचेच्या गोट्या होत्या. होय, गोट्या. एवढे पैसे मोजून पोक्त माणसं गोट्या घेऊन बसली आणि त्यावरून आजही एकमेकांना चिडवतात.

२०१६चा 'द अर्ली इयर्स' हा संच त्या मानाने खजिना होता. बॅरेटचं 'व्हेजिटेबल मॅन' हे गाणं १९६७पासून दडपलेलं होतं. चाहत्यांना ते खरखरीसकट पाठ होतं, ते अखेर स्वच्छ मिळालं. तक्रार उरली ती इतकीच की तोच मजकूर डीव्हीडीवरही होता आणि ब्लू-रेवरही, म्हणजे पैसे दुप्पट. २०२३च्या 'डार्क साइड'च्या पन्नाशीच्या संचाने मात्र शिळ्या कढीला ऊत आणला. त्यातली १९७४ची वेम्ब्लीची मैफल 'इमर्शन'मध्ये आधीच देऊन झाली होती. 'अ‍ॅनिमल्स'चा नवा मिक्स २०१८मध्ये तयार होऊनही २०२२पर्यंत अडकला. सोबत छापायच्या लेखावरून वॉटर्स आणि गिलमोर यांचं जमेना, आणि शेवटी तो लेखाशिवायच निघाला.

अधूनमधून जुन्या मैफली गाजावाजा न करता ऑनलाइन येऊन पडतात, त्यामागे रसिकता कमी आणि कायदा जास्त आहे. युरोपीय संघाने २०११मध्ये रेकॉर्डिंगचं हक्कसंरक्षण पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेलं. मात्र पन्नास वर्षांत प्रकाशित न केलेल्या रेकॉर्डिंगला वाढीव वीस वर्षं नाहीत. म्हणून डिसेंबर उजाडला की कंपन्यांची लगबग सुरू होते. बॉब डिलनच्या कंपनीने २०१२मध्ये अशा एका संचाच्या फक्त शंभराच्या आसपास प्रती काढल्या आणि उपशीर्षकातच 'हक्क वाढवण्यासाठीचा संग्रह' असं लिहून टाकलं. फ्लॉइडने २०२१च्या शेवटी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या मैफली तशाच सोडून दिल्या. आवाज ओबडधोबड, चित्र नाही, टिपण नाही. चाहत्यांपाशी याहून चांगल्या प्रती आधीच होत्या.

२०२४मध्ये सोनीने फ्लॉइडची रेकॉर्डिंग आणि नावाचे हक्क विकत घेतले. बातम्यांत आकडा सुमारे ४० कोटी डॉलरचा होता. गाणी लिहिल्याचे हक्क त्यात नाहीत. ज्या नावासाठी १९८६मध्ये कोर्ट गाठलं, ते आता तिसऱ्याच्याच दप्तरात आहे, आणि पेटीतून काय काढायचं हे ठरवणं त्यामुळे सोपं झालंय. डिसेंबर २०२५मध्ये 'विश यू वेअर हिअर'च्या पन्नाशीच्या संचात बँडने लॉस एंजेलिसमधली २६ एप्रिल १९७५ची मैफल दिली. ती टेप माइक मिलर्ड या प्रेक्षकाने केलेली. हाच मिलर्ड लेड झेपेलिन या दुसऱ्या रॉक बँडच्या मैफलीत चाकांच्या खुर्चीत यंत्रं दडवून नेण्याबद्दल प्रसिद्ध आहे. संगीतकार स्टीव्हन विल्सनने त्याच्या टेपवर हात फिरवला आणि 'रॉयो' अधिकृत झाला.

त्या संचातलं मी सगळ्यात आधी काय लावलं, तर मूळ अल्बमचा शेवट. 'शाइन ऑन'चा नववा भाग एकट्या राइटने रचलेला आहे. गाणं विरत जाताना, अगदी टोकाला, तो कीबोर्डवर बॅरेटच्या 'सी एमिली प्ले'ची ओळ हळूच वाजवतो. नवी आवृत्ती आली की मी आवाज पूर्ण वाढवून तेवढंच ऐकतो. मागच्या वेळेपेक्षा एखादा सूर जास्त ऐकू येतो का, ते बघायला.