बॅलन्स बाइक

बॅलन्स बाइक : पेडल, क्रँक (पेडलची दांडी) व साखळी नसलेली, पायांनी जमीन मागे रेटत चालवायची लहान मुलांची दुचाकी. साधारणपणे दीड ते पाच वर्षांची मुले ती वापरतात. चाके बहुधा १२ इंची असतात.

हिचा पूर्वज म्हणजे जर्मन संशोधक कार्ल द्राइस याचे पायांनी रेटायचे लाकडी दुचाकी ‘धावयंत्र’. १२ जून १८१७ रोजी तो त्यावरून मॅनहाइमहून श्वेट्झिंगेनच्या वाटेवरील टपालठाण्यापर्यंत जाऊन परतला. १८१८ मध्ये त्याला बाडेन या जर्मन संस्थानाचे एकाधिकारपत्र (पेटंट) मिळाले. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ मधील उद्रेकानंतर पिके बुडाली, घोडे पोसणे जड झाले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सायकलीचे इतिहासकार हान्स-एर्हार्ट लेसिंग यांचे मत आहे. ते आकर्षक असले, तरी पुरावा परिस्थितिजन्य आहे. द सिव्राक नावाच्या फ्रेंच सरदाराने १७९१ मध्येच असे वाहन केल्याची कथा मात्र आता ग्राह्य धरली जात नाही. ती १८९१ च्या सुमारास बोद्री द सोनिए या लेखकाने रचली. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत १९७४ मध्ये पुढे आलेले सायकलीचे रेखाटनही बहुतेक अभ्यासक बनावट मानतात. पेडल १८६० च्या दशकात आले. मुलांसाठीचा आजचा प्रकार १९९० च्या दशकात जर्मनीतून पसरला असावा.

दुचाकी डावीकडे कलली, की हँडल डावीकडेच वळवून चाके पुन्हा शरीराखाली आणावी लागतात. तोल म्हणतात तो हाच. चाकांच्या फिरण्यामुळे सायकल उभी राहते, हा समज ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांच्या १९७० मधील प्रयोगांनी डळमळला. पावलांच्या वेगाला तर तो परिणाम नगण्यच असतो. मागे आधाराची चाके लावलेली सायकल कलतच नाही. त्यामुळे मूल पेडल मारायला शिकते आणि तोलाचे शिक्षण लांबते. म्हणून आधाराच्या चाकांपेक्षा बॅलन्स बाइक श्रेयस्कर वाटते.

सीटची उंची अचूक हवी. बूट घालून मुलाची जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी व सीट त्याहून २ ते ३ सेंमी. खाली ठेवावी. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकून गुडघे किंचित वाकले पाहिजेत. सीट उंच राहिली, तर चवडेच टेकतात आणि मूल बसायला घाबरते. फार खाली गेली, तर गुडघे वर येऊन पायाला रेटा देता येत नाही. गाडी मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून हलकी असावी. फोमच्या टायरांना पंक्चर नाही, पण ओल्या फरशीवर ते घसरतात. हवेचे टायर खडीवर पकड धरतात.

मूल प्रथम गाडी दोन पायांमध्ये धरून नुसते चालते. सीटला अंग लागतही नाही. मग बसून चालणे, लांब ढांगा, आणि अखेरीस दोन्ही पाय उचलून घरंगळणे. पहिला टप्पा कित्येक आठवडे चालू शकतो. घाई करू नये. मोठ्यांनी हँडल धरले, तर वळवण्याची दुरुस्ती मुलाच्या हातून होत नाही. पाठीवर हलका हात पुरे. नजर चाकाकडे गेली, की गाडी भरकटते. उतार अगदी सौम्य व पुढे सपाटी असलेला निवडावा, कारण बहुतेक गाड्यांना ब्रेक नसतो आणि थांबायला बुटांचे तळवेच असतात. अनवाणी पाय किंवा चपला चालत नाहीत.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे व कपाळावर आडवे बसावे. घसरगुंडी किंवा झोपाळ्यावर जाण्यापूर्वी ते काढावे. फटीत अडकल्यास पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो.