ऐझॉलचं टायटल आणि अर्ध्यावर काढून घेतलेली शिडी

आयएसएलमध्ये रेलिगेशन (म्हणजे तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये पाठवणं) कधी येणार, खालच्या लीगमधल्यांना वर घेणार की नाही, हा वाद निघाला की कोणीतरी 2017 काढतंच, म्हणजे ऐझॉल एफसी आय-लीग जिंकलं ते वर्ष. नवीन बघायला लागलेल्या पोरांना कळत नाही की इतक्या जुन्या सीझनचं हे लोक काय घेऊन बसलेत. म्हणून थोडी पार्श्वभूमी. आयएसएल म्हणजे फ्रँचायझी टीमची पैसेवाली फुटबॉल लीग, आय-लीग म्हणजे तिच्या आधीपासूनची देशाची जुनी लीग, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

फार मागे जायचं तर सगळे 1911 ला जातात, कोलकात्याच्या मोहन बगानने जवळजवळ अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवलं आणि आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. पण ती गोष्ट गोऱ्यांविरुद्धची आहे, पैशावाल्यांविरुद्धची नाही. आपल्या विषयाचं खरं सुरू होतं 1996 ला, राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा, तिचीच पुढे आय-लीग झाली. पहिलं टायटल फगवाड्याच्या जेसीटीने घेतलं, म्हणजे एका कापड गिरणीच्या टीमने. तेव्हाच्या बऱ्याच टीम अशाच, मागे कंपनी किंवा बँक, आणि मालकाचा मूड आहे तोवर टीम आहे. जेसीटी 2011 ला बंद. मुंबईची महिंद्र युनायटेड 2005-06 ची चॅम्पियन, 2010 ला बंद. पुणे एफसी 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरी आली आणि दोन-तीन वर्षांत तिचाही कारभार आटोपला. आपल्याकडे क्लबवर जीव लावायचा म्हणजे कधी सामान आवरायला लागेल याची तयारी ठेवूनच लावायचा, अशी सवयच पडली होती.

ऐझॉल एफसी या चित्रात बसत नाही. 1984 चा क्लब, मिझोरमच्या राजधानीतला, अख्ख्या राज्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 11 लाखाच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या दोन-चार वॉर्डांएवढी. पण फुटबॉल तिथे घराघरात. 2012 ला त्यांनी स्वतःची राज्य लीग सुरू केली, 2014 ला मिझोरमने राज्यांच्या टीमची संतोष ट्रॉफी घेतली, आणि त्याच लाटेवर बसून ऐझॉल 2015-16 ला आय-लीगमध्ये आलं.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा राग इथून सुरू होतो. त्या सीझनला नऊ टीम होत्या. ऐझॉल आठवं आलं. शेवटची, नववी टीम होती पुण्याची डीएसके शिवाजियन्स. पण शिवाजियन्सना थेट प्रवेश मिळाला होता, खालून जिंकून वगैरे नाही, आणि थेट प्रवेशवाल्यांना सुरुवातीची काही वर्षं रेलिगेशन लागू नव्हतं. त्यामुळे शेवटचा आलेला क्लब वरच राहिला आणि शेवटून दुसरं आलेलं ऐझॉल खाली गेलं. मी पुणेकर नाही तरी तेव्हा लाज वाटली होती. गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात ऐझॉल फेडरेशन कपच्या फायनलला पोचलं, तिथे बगानकडून 5-0 खाल्ले ते सोडा, पण रेलिगेट झालेली टीम कपची फायनल खेळत होती.

मग 2016 ला भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला: आयएसएल सगळ्यात वर, आय-लीग तिच्या खाली. गोव्याच्या तीन जुन्या क्लबांनी, म्हणजे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंगने, निषेध म्हणून आय-लीगच सोडली. टीम कमी पडल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं. ज्या आराखड्याने पुढे त्यांची वाट अडवली त्याच आराखड्यावरच्या भांडणातून त्यांना जागा मिळाली, हे लोक विसरतात.

कोच आला मुंबईचा, खालिद जमील. सात वर्षं मुंबई एफसी सांभाळली, फारसा खर्च न करता दर वर्षी टीम रेलिगेशनमधून वाचवली, आणि मग त्याला काढलं. कूपरेजला त्या टीमच्या मॅच बघितलेल्यांना आठवत असेल, स्टँडमध्ये मोजता येतील एवढी माणसं आणि साइडलाइनवर हा एकटा ओरडतोय. तो ऐझॉलला गेला, मुंबईची ओळखीची दोन-चार पोरं पण तिकडे दिसली, एक सीरियन मिडफिल्डर, एक लायबेरियन, बाकी घरची मिझो पोरं. मुंबई एफसी मात्र त्याच 2016-17 ला तळाला गेली आणि बंद पडली. शिवाजियन्सचाही खेळ त्या सीझननंतर संपला. म्हणजे ज्या दोन मराठी शहरांचा या गोष्टीशी संबंध होता त्या दोन्हीकडे दिवे गेले आणि डोंगरात दिवाळी. तोच कोच 2025 ला राष्ट्रीय टीमचा कोच झाला, तो विषय वेगळा.

22 एप्रिल 2017, मुआलपुईचं स्टेडियम, समोर मोहन बगान. ही मॅच मी एका मित्राच्या लॅपटॉपवर बघितली, मधेमधे अडकत होती. 83 व्या मिनिटाला कॉर्नर आला, सेंटरबॅकने उडी मारून हेडर घातला आणि 1-0. मैदान डोंगराच्या कुशीत आहे, त्यामुळे ओरडा नुसता स्टँडमधून नाही तर सगळीकडून येत असल्यासारखा वाटत होता. आठवड्याने 30 एप्रिलला शिलाँगला लाजाँगविरुद्ध शेवटची मॅच, एक पॉइंट पुरेसा. सुरुवातीलाच गोल खाल्ला. तिकडे कोलकात्यात बगान आपली मॅच जिंकायच्या मागे, इकडे ऐझॉलहून आलेली आणि शिलाँगमध्ये राहणारी मिझो मंडळी लाल झेंडे घेऊन बसलेली, आणि 67 व्या मिनिटापर्यंत काही नाही. मग बरोबरी झाली. 1-1. ऐझॉल 37 पॉइंट, बगान 36. ईशान्येतल्या क्लबचं हे पहिलं राष्ट्रीय टायटल, आणि तेही वर्षभरापूर्वी रेलिगेट झालेल्या क्लबचं.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. खरा गुंता यानंतरचा.

चॅम्पियन झाल्याच्या आनंदात पंधरा दिवस जात नाहीत तोच प्रश्न आला: पुढच्या वर्षी तुम्ही नक्की कुठल्या पायरीवर? कारण 2016 चा आराखडा अजून टेबलावर होता, तो तसाच लागू झाला असता तर देशाचा चॅम्पियन क्लब काही न हरता दुसऱ्या पायरीवर गेला असता. वर जायचं तर फ्रँचायझी फी, वर्षाला साधारण 15 कोटी असा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता, आणि ती फी भरायची ऐझॉलची ऐपत नव्हती, असायचं कारणही नव्हतं. क्लबने आमरण उपोषणाची भाषा केली, आशियाई फुटबॉल संघटनेकडे पत्रं गेली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात मावत होतं: आम्ही जिंकून आलोय, आमच्याकडे परत तिकिटाचे पैसे का मागताय?

या भांडणातला कळीचा शब्द आहे 'मान्यता', म्हणजे देशाची अधिकृत लीग कोणती, आणि माझ्या मते सगळा घोळ या एका शब्दाचा आहे. आयएसएल 2014 ला सुरू झाली तेव्हा ती कागदावर लीग नव्हतीच, दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती, आय-लीगचे प्लेअर तिकडे लोनवर जाऊन परत यायचे. आशियाई स्पर्धांची जागा तिला नव्हती. म्हणजे मान्यता आय-लीगला आणि पैसा आयएसएलला, अशी वाटणी होती आणि दोन्हीकडचे चाहते एकमेकांना चिडवत का होईना सुखात होते. जून 2017 ला क्वालालंपूरला बैठक झाली आणि ठरलं की दोन्ही लीग एकाच वेळी चालतील, आय-लीगच्या चॅम्पियनला आशियातल्या मोठ्या स्पर्धेच्या क्वालिफायरची जागा, आयएसएलच्या चॅम्पियनला दुसऱ्या स्पर्धेची. वरवर बघता ऐझॉलचं ऐकलं. पण यात मान्यता दोघांना मिळाली आणि कोण वर, कोण खाली हे मुद्दाम मोकळं ठेवलं. ज्याच्याकडे टीव्ही आणि पैसा, मोकळी जागा त्याच्याकडेच सरकणार, हे कळायला कोणी पंडित लागत नाही. बेंगळुरू एफसी त्याच उन्हाळ्यात उडी मारून आयएसएलमध्ये गेलं. ऐझॉल राहिलं, जानेवारी 2018 ला इराणच्या झोब आहनशी क्वालिफायर खेळलं, 3-1 हरलं, पण खेळलं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. महासंघाने 2010 ला 700 कोटींना 15 वर्षांसाठी व्यावसायिक हक्क विकले होते, पैसे आले होते, ज्यांनी टीम विकत घेतल्या त्यांनी तोटा सोसून स्टेडियम भरवली, आणि त्यांचं म्हणणं की आम्ही गुंतवणूक करताना रेलिगेशनची अट नव्हती. हे खोटं नाही. फक्त हे म्हणताना 'फुटबॉलच्या भल्यासाठी' असं जोडायची गरज नव्हती, हिशेब आहे तर हिशेब म्हणा.

आणि 'छोटा क्लब' हा शब्दही सरळ नाही. या भांडणात मोहन बगान आणि ईस्ट बंगालसुद्धा फी नको म्हणून बाहेर बसलेले होते, ज्यांचे चाहते लाखोंनी आहेत. पाकीट छोटं, क्लब मोठा. पुढे 2020 ला दोघंही आयएसएलमध्ये गेले, बगान तर दुसऱ्या क्लबचं नाव पुढे लावून, आणि ते नाव काढायला चाहत्यांना 2023 पर्यंत भांडावं लागलं.

2017 नंतर लोकांना वाटलं ऐझॉल म्हणजे एकदा लागलेली लॉटरी. तसं झालं नाही. पुढच्या वर्षी मिनर्व्हा पंजाब चॅम्पियन, आणि इम्फाळचं नेरोका पहिल्याच सीझनला दुसरं. 2018-19 ला चेन्नई सिटी एका पॉइंटने, 43 विरुद्ध 42, मागे ईस्ट बंगाल, आणि श्रीनगरची रिअल काश्मीर पदार्पणातच तिसरी. दरवर्षी कोणीतरी नवीन, कमी पैशात, आणि प्रत्येकाचे चाहते म्हणायचे आम्ही पुढचे ऐझॉल. त्या दोन-तीन वर्षांत ही लीग जितकी चुरशीची होती तितकी ती आधी किंवा नंतर मला कधी वाटली नाही, माझं मत आहे, भांडू नका. तरी आपलं पुढे काय हे कोणी सांगेना, म्हणून मार्च 2019 ला आय-लीगच्या सात क्लबांनी मिळून दोन्ही लीगच्या टीमच्या सुपर कपवर बहिष्कार टाकला. ऑक्टोबर 2019 ला मग आशियाई संघटनेने रोडमॅपवर शिक्का मारला: आयएसएल अधिकृतपणे वर, आणि 2022-23 पासून आय-लीगचा चॅम्पियन फी न भरता वर जाणार.

म्हणजे 2017 ला ऐझॉलने मागितलेली गोष्ट मान्य झाली, पण मधली वर्षं रिकामी गेली. त्याचा सगळ्यात जास्त फटका गोकुलम केरळला. 2020-21 ला चॅम्पियन, 2021-22 ला परत चॅम्पियन, आय-लीगच्या काळात लागोपाठ दोनदा जिंकणारा पहिला क्लब, आणि दोन्ही वेळा बक्षीस काय तर पुढच्या वर्षी याच लीगमध्ये या. एक वर्ष उशिरा जिंकले असते तर वर असते. कोझिकोडचे लोक हे अजून काढतात आणि त्यांचं बरोबर आहे.

2023 ला पंजाब मैदानावर जिंकून वर गेलेला पहिला क्लब ठरला, 2024 ला कोलकात्याचं मोहम्मडन. 2024-25 ला पॉइंट कोणाचे यावरून आय-लीगमधले चर्चिल आणि इंटर काशी हे क्लब थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेले आणि जुलै 2025 ला टायटल काशीला मिळालं, तोवर वरच्या लीगचाच पुढचा सीझन लटकला होता, कारण ते 15 वर्षांचे हक्क डिसेंबर 2025 ला संपत होते.

राहिला रोडमॅपचा दुसरा भाग, रेलिगेशन. 2024-25 ला आयएसएलमध्ये तेरा टीम होत्या आणि मोहम्मडन तेरावं आलं. कुठेच गेलं नाही, वरच राहिलं. ऐझॉल 2016 ला नऊमध्ये आठवं आलं होतं.