आकाशातला चकवा

आमच्या वाडीत रात्री सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरून, येताना कुणी वाट चुकलं, तर त्या माणसाला कुणी दोष देत नाही. "तेका चकवो लागलो," एवढं म्हटलं की झालं. तासभर चालून माणूस पुन्हा त्याच वडाखाली येतो, आणि त्या वडावर कोण राहतं याची गोष्ट पुढे चालत राहते. शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा या गोष्टींवर मी भरपूर चिडलोय. निवृत्तीनंतर चिडणं कमी झालं, आणि यंदाच्या मे महिन्यात तर चकव्याबद्दल थोडा आदरच वाटू लागला. कारण माझा भाचा. तो विमान चालवायला शिकतोय, आणि त्याला चार हजार फुटांवर, भर दुपारी चकवा लागला.

झालं असं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले काही तास बाहेर अजिबात न बघता, फक्त समोरच्या उपकरणांवर उडायचं असतं. त्यासाठी डोक्याला हूड लावतात. घाण्याच्या बैलाची झापड असते ना, तसाच प्रकार. हूड चढवण्याआधी प्रशिक्षकाने त्याला सरळ डोळेच मिटायला सांगितले. "विमान सरळ ठेव, बाकी काही करू नको." भाच्याची खात्री होती की आपण नाकासमोर चाललोय. चाळीसेक सेकंदांनी डोळे उघडले, तर डावा पंख जमिनीकडे झुकलेला, नाक खाली आणि उंचीचा काटा उलटा फिरतोय. "मामा, अंगाला काही म्हणजे काही कळलं नाही."

चांगल्या वैमानिकाला विमान 'अंगात भिनलेलं' असतं, तो अंगाच्या अंदाजाने उडतो, असं आपल्याला वाटतं. ढगात मात्र हा अंदाजच जीव घेतो. का, ते कानात दडलंय.

एक परात घ्या. तीत पाणी भरा आणि मधोमध नाही, जरा कडेला, तुळशीचं पान सोडा. आता फरशीवर परात हळूहळू फिरवायला लागा. परात फिरते, पान जागच्या जागी. म्हणजे परातीच्या दृष्टीने पान उलट दिशेला सरकलं. तशीच एका वेगाने फिरवत राहा. थोड्या वेळाने पाणीही परातीबरोबर फिरू लागतं, आणि परातीवर बसलेल्या मुंगीला विचारलंत तर पान तिच्यासमोर स्थिर आहे. आता परात झटकन थांबवा. परात थांबली, पान मात्र पुढे फिरतंच आहे.

तुमच्या प्रत्येक कानात, पडद्याच्या पलीकडे, कवटीच्या हाडात अशा तीन पराती आहेत. अर्धवर्तुळाकार नलिका म्हणतात त्यांना. एकेकीच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम सहा-सात मिलिमीटर. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा भेटतात, तशा त्या एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या असतात, म्हणून कुठल्याही दिशेचं वळण त्यांना पकडता येतं. आत द्रव आणि तुळशीच्या पानाच्या जागी एक जेलीसारखा पडदा, कुप्युला. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो, त्याच्या मुळाशी असलेल्या केसपेशी मेंदूला कळवतात, 'वळलो बरं का'. बाजारात मागून कुणी हाक मारली आणि तुम्ही मान वळवली, तर ही यंत्रणा अचूक चालते. हालचाल सुरू होऊन सेकंदाभरात संपते, द्रवाला परातीबरोबर फिरायला वेळच मिळत नाही.

विमानाचं वळण मात्र मिनिटभर चालतं. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी: पडदा आणि द्रव मिळून घट्ट तेलात बुडवलेल्या, पीळ दिलेल्या लंबकासारखे वागतात. वेग एकसारखा राहिला की वाकलेला पडदा घातांकी वेगाने सरळ होत जातो, आणि त्याचा कालस्थिरांक पाचेक सेकंदांचा असतो. मेंदू तो संदेश थोडा ताणून धरतो, म्हणून फिरण्याची जाणीव पंधरा-वीस सेकंद टिकते. मग ती विरून जाते. (बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की वीस सेकंदांनंतर कान वळण विसरतो.) शिवाय फार सावकाश वळलं तर कानाला सुरुवातच कळत नाही. पंख सेकंदाला एका अंशाने कलंडत गेला, तर अर्ध्या मिनिटात विमान ३० अंश तिरकं होतं आणि कान गप्प.

मग विमान तिरकं झाल्यावर अंग एका बाजूला ओढलं जायला हवं की नाही? नाही, आणि मला सगळ्यात आवडणारी गंमत हीच. नीट घेतलेल्या वळणात गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज बरोबर विमानाच्या फरशीच्या दिशेने येते. गवंड्याचा ओळंबा कॉकपिटमध्ये टांगलात तर ३० अंश तिरक्या विमानातही तो फरशीला काटकोनातच लोंबेल. पेल्यातलं पाणी काठाशी समांतर राहील. ओळंबाच फसतो, तिथे तुमच्या बुडाची काय कथा! फक्त वजन थोडं वाढतं, ३० अंशांना साधारण १५ टक्के, ६० अंशांना दुप्पट.

आता खरा घात. वैमानिकाला उंची कमी होताना दिसते. आपण सरळच आहोत असं वाटत असल्याने तो नाक वर करायला स्टिक मागे ओढतो. पण विमान तिरकं असल्याने त्या ओढीचा मोठा भाग वळण आणखी घट्ट करण्यात जातो. नाक आणखी खाली, वेग आणखी जास्त, म्हणून तो आणखी ओढतो. आणि शहाणपणाने पंख सरळ केलेच, तर परात थांबल्यावर पान फिरतं तसं होतं. कान ओरडतो की तू उलट्या बाजूला वळतोयस! घाबरून तो पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. या घसरणीला वैमानिकांच्या भाषेत स्मशानाचं नाव आहे. तिच्यातून सुटायचं तर इंजिनची शक्ती कमी करायची, आधी पंख सरळ करायचे आणि मगच नाक वर. भाच्याला हा क्रम झोपेत विचारला तरी सांगता येतो.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगासारख्या कृत्रिम परिस्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

ढगच हवा असंही नाही. मे महिन्यात आमच्या सड्याच्या कडेला उभं राहून समुद्राकडे बघा. हवा इतकी धुरकट, की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही, आणि लांबचा ट्रॉलर हवेत टांगल्यासारखा दिसतो. रात्री तर किनारा सोडला की सगळं काजळ. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोईंग ७४७ मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटं होण्याआधी वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, बिघडून उजवीकडे अडकलं होतं. विमान सरळ होतं, तो ते डावीकडे वळवत गेला. खिडकीबाहेर खरं क्षितिज नव्हतं, आणि उपकरण खोटं आहे हे सांगण्याची कानाची पात्रता नव्हती. म्हणूनच अशा मोठ्या विमानांच्या कॉकपिटमध्ये कृत्रिम क्षितिज एक नसतं, तीन असतात, आणि तिन्ही एकमेकांशी ताडून बघणं हेच शिक्षण. काट्यांवरून नजर सतत फिरती ठेवायची, एकावरच खिळू द्यायची नाही. आमचे खलाशी जीपीएस येण्याआधी होक्यावर असाच भरवसा ठेवायचे. मन म्हणतंय बंदर उजवीकडे, होका म्हणतो डावीकडे, तर सुकाणू डावीकडेच.

हल्ली भाषणांत जो तो 'आतला आवाज ऐका' सांगत असतो. ऐका, पण जमिनीवर. नव्या विमानापुढे नारळ फोडायलाही माझी हरकत नाही, तेवढं ते कृत्रिम क्षितिज आधी तपासा.

आणि वडाखालचा चकवा? २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ते झाकले गेले तेव्हा गोल गोल फिरून आपल्याच वाटेवर आले, आणि त्यांना पत्ता नव्हता. चकवा लागला तर कोंबडा आरवेपर्यंत जागीच बसावं, असं आमची आजी सांगायची. कारण भुताचं, उपाय मात्र रास्त. क्षितिज दिसेपर्यंत हलू नका.

भाचा आजोळी आला तेव्हा आम्ही ओटीवर, आंब्याच्या पेट्या बाजूला सारून, संगणकाची फिरती खुर्ची मांडली. १९२६ साली विल्यम ऑकर या अमेरिकन वैमानिकाला एका डॉक्टरने अशाच खुर्चीत बसवून फसवलं होतं. पुढच्या खेपेला पठ्ठ्या डबीत वळण दाखवणारं उपकरण घेऊन गेला आणि त्यावर बघून एकूण एक उत्तर बरोबर दिलं! आमच्याकडे डबी नव्हती. भाच्याने डोळे मिटले, जिकडे फिरतोय असं वाटेल तिकडे अंगठा दाखवायचं ठरलं. मी संथपणे उजवीकडे फिरवत राहिलो. अंगठा उजवीकडे. वीसेक सेकंदांनी तो सरळ वर झाला, म्हणे थांबलो. खुर्ची फिरतच होती. मग मी खरंच थांबवली, आणि अंगठा ठामपणे डावीकडे गेला.

आई पायरीवर अढीतले आंबे निवडत होती. मी तिला परात, पान, द्रव, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मगे मी काय सांगतंय?" ती म्हणाली. "चकवोच तो."