‘रॅग्लन रोड’ : दैनिकात छापलेल्या कवितेचे लोकगीत कसे झाले

आयर्लंडमधल्या पबमध्ये रात्री गाण्यांची बैठक रंगली की ‘ऑन रॅग्लन रोड’ कुणी ना कुणी म्हणतेच, आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी असते की हे गाणे शे-दोनशे वर्षे तरी तोंडोतोंडी चालत आले असावे. प्रत्यक्षात या शब्दांचा कवी ठाऊक आहे, ते पहिल्यांदा छापले गेल्याची तारीख ठाऊक आहे आणि ज्या तरुणीसाठी ते लिहिले गेले तीही ठाऊक आहे. 3 ऑक्टोबर 1946 रोजी ‘आयरिश प्रेस’ या डब्लिनच्या दैनिकात पॅट्रिक कॅव्हनाची ही कविता प्रसिद्ध झाली. त्या वेळी तिचे शीर्षक ‘काळ्या केसांची मिरियम पळून गेली’ अशा अर्थाचे होते. मिरियम हे कवीच्या भावाच्या मैत्रिणीचे नाव. ते केवळ खरे नाव झाकण्यासाठी वापरले होते.

कवितेतली खरी नायिका हिल्डा मोरिआर्टी. केरी काउंटीतल्या डिंगलहून डब्लिनला वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली ही विद्यार्थिनी विशीच्या उंबरठ्यावर होती, तर कॅव्हनाने चाळिशी गाठली होती. मोनाहन काउंटीतल्या इनिशकीनजवळ 1904 साली एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. वडील चांभारकाम करून थोडी शेती करत आणि मुलानेही पुढे बरीच वर्षे तेच केले. 1939 मध्ये तो कायमचा डब्लिनला आला, पण तिथल्या साहित्यवर्तुळात त्याच्यावर बसलेला ‘शेतकरी कवी’ हा शिक्का काही पुसला गेला नाही. 1940 च्या दशकाच्या मध्यास तो रॅग्लन रोडवर भाड्याच्या खोलीत राहत होता. क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सेनापतीचे नाव मिरवणारा हा उच्चभ्रू वस्तीतला रस्ता हिल्डाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होता. कॅव्हना तिच्या प्रेमात पडला. तिच्या मनात मात्र तसे काही नव्हते.

पुढे 1987 साली आयरिश दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटात हिल्डाने स्वतःच या कवितेच्या जन्माविषयी सांगितले. शेतमाती आणि बटाटे सोडून दुसऱ्या कशावर तरी लिहीत जा, असे तिने त्याला चिडवले होते आणि त्यावर, मी तुला कवितेत अमर करीन, असे उत्तर त्याने दिले होते. ही आठवण मनात ठेवून कविता वाचली म्हणजे तिची घडण अधिक उलगडते. तिच्यात शरद ऋतूतला रॅग्लन रोड आहे, नोव्हेंबरातली ग्राफ्टन स्ट्रीट आहे, म्हणजे वरवर पाहता कवीने शहर पत्करले आहे. तरीही हिल्डाच्या केसांना उपमा द्यायची वेळ येते तेव्हा मे महिन्यातल्या शेतांवर जमलेले ढगच त्याला सुचतात, आणि अखेरच्या कडव्यात ती मातीची घडलेली ठरते व तो स्वतःला देवदूत म्हणवतो. 1942 साली आलेल्या त्याच्या ‘द ग्रेट हंगर’ या दीर्घ कवितेचा आरंभच मातीने झाला होता. ज्या मातीवरून तिने त्याची थट्टा केली, तीच त्याने नकाराला उत्तर म्हणून तिच्या पदरात घातली, असे मला वाटते. त्या ओळींत प्रेमापेक्षा दुखावलेला अहंकार अधिक बोलतो हा आक्षेप मला खरा वाटतो. परंतु तिच्यावर आपण योग्य रीतीने प्रेम केले नाही, ही कबुलीही त्याच ओळींत आहे, आणि त्या कबुलीविना ते कडवे केवळ उर्मट ठरले असते.

आता चालीविषयी. डब्लिनमधल्या ‘बेली’ या पबमध्ये कॅव्हनाची आणि ‘डब्लिनर्स’ या गायकसंचातल्या ल्यूक केलीची भेट झाली आणि तिथे कवितेचे गाणे झाले, ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते. खुद्द केलीनेही आपल्याला हे गाणे तिथे कॅव्हनाकडूनच मिळाले असे सांगितले आहे. भेट खरी आहे, मात्र गाण्याचा जन्म त्या भेटीत झाला असे म्हणणे मला पटत नाही. कविता लिहून झाल्यावर लवकरच कॅव्हनाने ती याच चालीवर म्हणून दाखवली होती, अशी आठवण लेखक बेनेडिक्ट कायली याने नोंदवून ठेवली आहे. ती चाल ‘द डॉनिंग ऑफ द डे’ (दिवस उजाडताना), म्हणजे आयरिश भाषेतल्या ‘फॉन्या ग्याल अन ले’ या जुन्या गीताची, आणि कॅव्हनाच्या कवितेत पहाटेचा तो उल्लेख जवळजवळ जसाच्या तसा येतो.

मूळ आयरिश गीतात भल्या पहाटे लॉख लेन तळ्याच्या काठी एका पुरुषाला एक मुलगी भेटते. तिच्या पायात ना बूट ना मोजे, डोक्यावर टोपी नाही, आणि सोनेरी केस पार खाली रुळत आहेत. तो लगट करू लागतो तेव्हा ती त्याला लफंगा म्हणून झिडकारते आणि, मला जाऊ दे, दक्षिणेकडून पहाटेचा उजेड येतो आहे, असे बजावते. सोनेरी केसांच्या जागी काळे केस आणि तळ्याकाठच्या जागी डब्लिनचा रस्ता घालून कॅव्हनाने नकाराची हीच कथा पुढे चालवली. रचनेची कारागिरीही त्याने तिथूनच घेतली. ओळीच्या शेवटी यमक साधून तो थांबत नाही, तर ओळीच्या मध्यावर येणारा स्वर त्याच ओळीत पुन्हा उमटवतो. स्वरांची अशी अंतर्गत जुळणी हा आयरिश भाषेतल्या गीतांचा जुना विशेष आहे. मुद्रित कविता म्हणून वाचताना काहीशा लांबलेल्या वाटणाऱ्या या ओळी चालीवर म्हणताच श्वासाच्या बरोबर मापाच्या होतात, याचे कारण हेच.

30 नोव्हेंबर 1967 रोजी कॅव्हनाचे निधन झाले. 1970 च्या दशकाच्या आरंभी डब्लिनर्सच्या ध्वनिमुद्रिकेतून केलीचा आवाज घरोघरी पोहोचला, तेव्हा तो ऐकायला कवी नव्हता. केलीने ही चाल संथ ठेवली आणि शब्दांना पुरेशी जागा दिली. पुढच्या जवळपास प्रत्येक गायकाला त्याच्याच वाटेने जावे लागले किंवा ती जाणीवपूर्वक टाळावी लागली. 1988 साली व्हॅन मॉरिसनने ‘चीफटन्स’ या वाद्यवृंदासह ते गायले, नंतर शिनेड ओकॉनरनेही गायले, आणि गायकागणिक एखादा शब्द इकडचा तिकडे होत राहिला. आणि जिच्यासाठी हे शब्द लिहिले गेले, त्या हिल्डाने 1947 मध्येच लिमरिकच्या डोनो ओमॅलीशी विवाह केला होता. हाच ओमॅली पुढे शिक्षणमंत्री झाला आणि 1966 साली त्याने आयर्लंडमध्ये मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली.