वर्ल्ड कपचा अंदाज का चुकतो?

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला की कोल्हापुरात पेठापेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात, चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे फलक उभे राहतात आणि कट्ट्यावर पैजा रंगतात. कोण जिंकणार, किती गोलांनी, आणि हरला तर मिसळ कोणाकडून! शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या स्थानिक संघांची ईर्षा बघत वाढलेल्यांना खेळ नक्कीच कळतो. तरी अंदाज चुकतात, कारण फुटबॉलमध्ये गोलच फार कमी होतात.

२०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. सामन्याला सरासरी २.७. बास्केटबॉलमध्ये गुणांचा पाऊस पडतो, त्यामुळे नशिबाचे चढउतार एकमेकांत जिरतात आणि बहुधा सरस संघच पुढे निघतो. इथे एका चेंडूचा खांबाला लागून बदललेला मार्गही निकाल फिरवतो.

अशा विरळ घटना किती वेळा घडतील याची शक्यता काढायला गणितात पॉयसन वितरण वापरतात. १८९८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी ते प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने होणाऱ्या मृत्यूंना लावून दाखवलं होतं. गोलांनाही ते बऱ्यापैकी लागू पडतं. समजा, बलाढ्य संघाची अपेक्षित सरासरी १.८ गोल आणि दुबळ्याची ०.८. हिशेब केला तर बलाढ्य संघ जिंकण्याची शक्यता साधारण ६१ टक्के, बरोबरी २३ आणि दुबळा जिंकण्याची १६ टक्के येते. म्हणजे अशा सहा सामन्यांत सरासरी एखादा धक्का बसतोच! नेमका स्कोअर सांगणं तर आणखी अवघड: सर्वांत संभाव्य १-० लासुद्धा जेमतेम १३ टक्के.

२२ नोव्हेंबर २०२२ चा अर्जेंटिना-सौदी अरेबिया सामना आठवा. सलग ३६ सामने न हरलेला अर्जेंटिना. दहाव्या मिनिटाला मेस्सीचा पेनल्टीवर गोल, मग पहिल्याच हाफमध्ये तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द. ४८ व्या आणि ५३ व्या मिनिटाला सौदीने दोन गोल मारले आणि सामना गेला. पुढे कप अर्जेंटिनानेच जिंकला. त्या दिवशी ज्यांचा अंदाज चुकला, त्यांची फुटबॉलची जाण कमी नव्हती.

विजेता ओळखणं याहून कठीण. २०२६ पासून ४८ संघ, म्हणजे बाद फेरीचे पाच सामने. प्रत्येक सामना काढण्याची शक्यता ७० टक्के धरली तरी पाचही काढण्याची उरते फक्त १७ टक्के.

मिसळीची पैज खुशाल लावावी. पैशाच्या सट्ट्याचं गणित मात्र वेगळं आहे आणि आपल्या तरुण पोरांना ते ठाऊक असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. बेकायदा तर तो आहेच. शिवाय संघाचा फॉर्म, दुखापती, जुने निकाल, जे जे आपल्याला माहीत असतं, ते भावात, म्हणजे जिंकल्यास किती पैसे मिळतील त्या दरात, आधीच धरलेलं असतं. वर भाव लावणारा आपला वाटा काढून ठेवतो. दोन्ही संघ तुल्यबळ असताना शंभराला १९० मिळत असतील, तर दोन बाजूंनी जमलेल्या २०० पैकी १० रुपये त्याच्याकडेच राहतात. मिळेल ती सगळी रक्कम पुन्हा लावत गेलं, तर दहा पैजांनंतर शंभरातले सरासरी साठच रुपये उरतात.