शतपावली व मधुमेहातील जेवणोत्तर रक्तमेद

शतपावली : जेवणानंतर सावकाश फेऱ्या मारण्याची महाराष्ट्रातील रूढ सवय. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार प्रकार २ मधुमेहातील रक्तमेद (रक्तातील चरबी), विशेषतः ट्रायग्लिसराइडे (तिचा एक प्रकार), यांच्या अंगाने केला आहे.

शब्द ‘शत’ आणि ‘पाऊल’ यांवरून आला. आचाराचे मूळ सामान्यतः सुश्रुतसंहितेत दाखवतात. अन्नाचा शीण जाईपर्यंत राजासारखे बसावे, मग शंभर पावले चालून डाव्या कुशीवर पडावे, असे तिच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. हा ग्रंथ थराथरांनी वाढलेला असल्याने वचनाचा काळ ठामपणे सांगता येत नाही. रूढीत बसण्याचा भाग गळाला, चालणे तेवढे उरले. ‘शंभर’ हा आकडा मोजून घ्यावा की ‘थोडेसे’ या अर्थी? दुसरा अर्थ अधिक पटतो. कारण त्याच संहितेत जेवलेल्याला व्यायाम वर्ज्य आहे. प्रमेहाच्या (मधुमेहासारख्या विकारांचे आयुर्वेदातील नाव) चिकित्सेत मात्र शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालायला सांगितले आहे. म्हणजे पचनासाठीची पावले वेगळी आणि रोगावरची पायपीट वेगळी. शतपावलीला मधुमेहावरचा प्राचीन उपाय म्हणणे यामुळे सयुक्तिक वाटत नाही.

जेवणातील तूप-तेल आतड्यात कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत बांधले जाते आणि लसिकावाहिन्यांतून रक्तात उतरते. साखर तास-दीड तासात शिखर गाठते, ट्रायग्लिसराइडे साधारण तीन ते पाच तासांनी. हे कण फोडण्याचे काम स्नायू व मेदपेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतींवरील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) करते. इन्शुलिनला शरीर दाद देत नसले की यकृत स्वतःचे मेदकण अधिक सोडते, बाहेरून आलेले कणही रेंगाळतात. उपाशीपोटीच्या तपासणीत हे रेंगाळणे पुरते दिसत नाही. धमनीकाठिण्याचा (धमन्यांच्या भिंतींत मेद साचून त्या कठीण होण्याचा) संबंध जेवणोत्तर अवस्थेशी असावा, असे संशोधक झिल्व्हरस्मिट यांनी १९७९ मध्ये मांडले होते.

व्यायामाने स्नायूंतील हे विकर वाढते, पण ही वाढ काही तासांनी ठळक होते. म्हणून संध्याकाळच्या व्यायामाचा लाभ दुसऱ्या दिवशीच्या जेवणात दिसू शकतो. जेवणानंतरचे चालणे साखरेवर लगेच परिणाम करते. मेदांबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रकार २ मधुमेह व स्थूलता असलेल्या व्यक्तींनी रात्रीच्या जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर ४५ मिनिटांनी वजनाचे व्यायाम केले. दोन्ही वेळी साखर उतरली. ट्रायग्लिसराइडे मात्र जेवणानंतरच्याच व्यायामाने घटली. सहभागी जेमतेम तेरा होते आणि परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नाही. तरी वेळेचे महत्त्व दाखवणारा हा पुरावा दुर्लक्षू नये, आणि त्यातील व्यायाम शतपावली नव्हता हेही विसरू नये.

पुण्यात या विषयाला खास संदर्भ आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के, युडकिनांचा ९.१ टक्के. अंगाने सडपातळ पुणेकराने वजनकाट्यावर विसंबू नये, हे त्यातून उघड होते.

वाड्यांतील अंगण-ओसरीवरची शतपावली आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली आहे. रात्री साडेनऊला, स्वयंपाकघरातली आवराआवर झाली की, उभ्या दुचाक्यांमधल्या वाटेने गेटपासून पंपाच्या खोलीपर्यंत फेऱ्या चालतात. वरणभातावरच्या एका लहान चमचा तुपात सुमारे पाच ग्रॅम मेद असतो. श्रीखंड-पुरीच्या दिवशी हिशेब बराच पुढे जातो. अशा रात्री दहा-पंधरा मिनिटे जरा झपाट्याने चालावे आणि अधूनमधून खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करावी, हे नुसत्या रमतगमत मारलेल्या फेऱ्यांपेक्षा बरे.

इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी साखर एकदम उतरण्याची शक्यता ध्यानात ठेवून खिशात साखर बाळगावी. पायांची संवेदना कमी असल्यास सपाता घालून फेऱ्या मारू नयेत, बंद बूट घालावेत. जेवणानंतर चालताना छाती भरून येत असेल, तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.